रोपाची पिशवी

बंगळूरच्या लालबागेची आखणी हैदर अलीने 1760 च्या सुमारास केली. तेव्हापासून दूरदेशीची रोपे आणून रुजविण्याचा छंद त्या नगरीला जडला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबीगेल 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि त्या छंदाला शास्त्राची जोड मिळाली. त्या काळी रोप वाढे ते भाजलेल्या मातीच्या कुंडीत, बांबूच्या करंडीत किंवा पानांच्या द्रोणात. फुटक्या कुंडीची खापरे दुसऱ्या कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवण्यास उपयोगी पडत. करंडी तर रोपासकट पुरता येई.

पुढे काळी पॉलिथीनची पिशवी आली. पॉलिथीनचा शोध 1933 मध्ये इंग्लंडात फॉसेट व गिब्सन या रसायनज्ञांना जवळजवळ अपघाताने लागला. पिशवी हलकी, स्वस्त आणि न कुजणारी. माळ्याला हवी होती ती हीच, आणि तिचा दोषही हाच. मुळे तिला भेदू शकत नाहीत. ती आतल्या आत वेटोळी घेतात. म्हणून लावणीच्या वेळी पिशवी फाडावी लागते आणि फाडलेली पिशवी बांधावर पडून राहते.

गंमत अशी की, कुजणारे प्लॅस्टिक याहून जुने आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लमॉइन्य यांना 1926 मध्येच जिवाणूंच्या पेशीत साठणारा असा पदार्थ आढळला होता. परंतु स्वस्त खनिज तेलापुढे त्याची डाळ अनेक दशके शिजली नाही.

कर्नाटक शासनाने मार्च 2016 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, ताटे, पेले यांवर बंदी घातली. रोपवाटिकांच्या पिशव्यांना मात्र सवलत ठेवली. वाण्याच्या हातची पिशवी काढून घेणे सोपे. लक्षावधी रोपे कशात वाढवावीत, याचे उत्तर देणे कठीण. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेत रोपवाटिकांसाठी कुजणाऱ्या प्लॅस्टिकला वाट मोकळी ठेवली. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरावयाच्या वस्तूंवरील बंदीतूनही प्रमाणित कुजणारे प्लॅस्टिक वगळले आहे.

पण ‘कुजणारे’ या शब्दाचा अर्थ नीट पाहावयास हवा. मक्याच्या साखरेपासून निघणारे पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे 60 अंश उष्णतेच्या मोठ्या खतखान्यात काही महिन्यांत विरते. बंगळूरच्या थंड, समशीतोष्ण मातीत पुरल्यास तेच वर्षानुवर्षे टिकून राहू शकते. प्रमाणपत्र खरे असते. ते खतखान्यापुरते असते, बागेपुरते नव्हे. अशी पिशवी घेणाऱ्या माळ्याला हा भेद कोणी सांगत नाही, आणि तो फसतो.

त्याच शहरात, पीण्या येथे, काथ्या मंडळाची तंत्रसंस्था आहे. नारळाच्या काथ्याची कुंडी रोपासह जमिनीत पुरता येते आणि मुळे तिच्या भिंतीतून सहज पार होतात. पोफळीच्या विरीची ताटेही कर्नाटकात घरोघर वापरली जातात. अडचण एकच, काथ्याची कुंडी काळ्या पिशवीपेक्षा महाग पडते, आणि सरकारी निविदेत सर्वांत कमी दराला अजून पहिला मान मिळतो.