वनाझ ते बळीचं राज्य

तुम्ही वनाझ स्थानकाच्या फलाटावर उभे आहात. खाली पौड रस्त्यावरची रहदारी, पलीकडे टेकडी, आणि टेकडीच्या अंगावर चढत गेलेली सुतारदरा-किष्किंधानगरची घरं. ज्या डेपोतून गाडी बाहेर येते, तिथे पूर्वी शहराचा कचरा येऊन पडायचा. ६ मार्च २०२२ रोजी इथून पहिली मेट्रो सुटली, तेव्हा उद्याचं पुणं कोथरूडमधून सुरू झालं असं अनेकांना वाटलं. आज तुम्ही जी गाडी पकडणार आहात, तिला वाटेत स्थानकांबरोबर सालंही लागतात. दारं उघडली आहेत. आत या, खिडकी धरा.

आनंदनगर मागे पडतं, आयडियल कॉलनी मागे पडते. पौड फाट्यापाशी गाडी कर्वे रस्त्यावर येते. या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली जवळच्याच हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून विधवांचा आश्रम तिथे नेला. कोथरूडला हे भविष्य पाठ आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण याच शहरात त्याच्याही आधी आणखी एक भविष्य लिहिलं गेलं. ते वाचायला ही गाडी निघाली आहे.

नळ स्टॉप ते गरवारे कॉलेज एवढ्या वेळात एक शब्द समजून घ्या, पुढे सतत लागेल. १९९३ साली मार्क डेरी या अमेरिकी समीक्षकाने ‘अफ्रोफ्युचरिझम’ हे नाव वापरलं. ज्यांचा भूतकाळ मुद्दाम पुसून टाकला गेला, त्यांना भविष्याची कल्पना कशी करता येईल, असा त्याचा प्रश्न होता. नाव नवं होतं, काम जुनं होतं. गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी संगीतात, चित्रांत, कवितेत आणि विज्ञानकथेत अंतराळयानं, प्राचीन इजिप्त, यंत्रं आणि पूर्वज एकत्र आणले होते. आपल्याला इतिहासात जागा नाकारली गेली, म्हणून काळच उलगडून त्यांनी पुन्हा विणायला घेतला होता.

गाडी थांबते. पुणे महानगरपालिका. बाहेर पडता तेव्हा साल १९७२ आहे, महिना ऑगस्टचा. महाराष्ट्रात दुष्काळ आहे, पेठांतल्या रस्त्यांवर सायकलींची गर्दी आहे, आणि स्वातंत्र्याला २५ वर्षं झाल्याचे झेंडे लागले आहेत. शनिवार पेठेत ‘साधना’ साप्ताहिकाचं कार्यालय आहे. अनिल अवचटांनी संपादित केलेला १५ ऑगस्टचा विशेषांक बाहेर पडला आहे. त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आहे. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीची अब्रू लुटली तर होणारी शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आहे. चौकाचौकांत लोक तावातावाने बोलताहेत. कुणी लेखकावर खटला भरा म्हणतं, कुणी अंक छातीशी धरून चाललंय. मे महिन्यात मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आहे. ढाले, नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार ही नावं आता पुण्यातही घरोघर पोचली आहेत.

अंक हातात घेऊन तुम्ही परत स्थानकाकडे वळता. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव इथल्या तरुणांनी घेतलं, हे तुम्हाला माहीत असतं. पण पुण्याने अमेरिकेकडे पाहायला सुरुवात केली ती कधी? त्यासाठी आणखी मागे जायला हवं.

जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. सरकते जिने तुम्हाला खोल, खूप खोल नेतात. बोगद्यातून मंडईला या आणि वर चढा. मंडईची इमारत अजून बांधलेलीच नाही, कारण साल १८७३ आहे. गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या घरापाशी पोहोचता, तर आवारात हौद दिसतो. पाच वर्षांपूर्वी, १८६८ साली, त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला. घागर बुडल्याचा आवाज ऐका. या शहरात ही घागर या पाण्यात बुडणं हीच एक क्रांती आहे.

आत ‘गुलामगिरी’च्या प्रती आहेत. पहिलं पान उघडा. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना हे पुस्तक अर्पण केलं आहे. तिकडे गुलामी कायद्याने संपून अवघी आठ वर्षं झाली आहेत. समुद्रापलीकडच्या माणसांचा लढा आणि आपल्या शूद्रातिशूद्रांचा लढा एकाच कुळातला आहे, हे पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाने इतक्या लवकर ओळखलं.

पुढे वाचत जा. जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद चालू होतो आणि दशावतारांच्या कथा उलट्या वाजू लागतात. मत्स्य, वराह, नरसिंह, वामन ही देवाची रूपं राहत नाहीत, बाहेरून आलेल्या जेत्यांच्या स्वाऱ्या होतात. आणि पाताळात ढकललेला बळी हा न्यायी राजा म्हणून उभा राहतो. आपल्या घरांत दिवाळी-दसऱ्याला बाया ओवाळताना इडापिडा टळून बळीचं राज्य येवो असं म्हणत आल्या आहेत. फुल्यांनी त्या म्हणण्याकडे कान देऊन ऐकलं. पिढ्यान्‌पिढ्या घोकलेली ती भविष्याची मागणी होती. हरवलेला राजा परत मिळवायचा आणि त्याच्या नावाने उद्याचं राज्य मागायचं, ही कृती पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत एक संगीतकार करणार आहे. १८७३ सालीच २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन होतो. पुढे सत्यशोधक जलसे निघतात, आणि विचाराला ढोलकी मिळते.

बोगद्यात परत या. आता गाडी पुण्याबाहेर जाते. दारं उघडतात ती न्यूयॉर्कमध्ये, १९१३ साली. कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी आला आहे. शेजारीच हार्लेम आहे, आणि याच शहरातून काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ‘क्रायसिस’ हे मासिक काढताहेत. १९२० साली डु बॉइस ‘द कॉमेट’ ही कथा छापतील: धूमकेतूच्या वायूने न्यूयॉर्क मरून पडतं, बँकेच्या तळघरात पाठवलेला एक काळा निरोप्या वाचतो, आणि तासभर का होईना वर्ण नावाची गोष्ट जगातून नाहीशी होते. मग बाकीचं जग परत येतं आणि भिंतही परत येते. अफ्रोफ्युचरिझमच्या पूर्वजांत आज या कथेचं नाव आदराने घेतात. १९४६ साली आंबेडकर याच डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागतात, आणि डु बॉइस उत्तर देतात.

दोन वर्षांनी आंबेडकरांचं अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं पुस्तक येतं. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, मोडलेल्या टोळ्यांतले पराभूत लोक, असं ते मांडतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्या भूतकाळात पाऊल टाकून भविष्यात उतरतात. घराघरांत गौतम, सिद्धार्थ, राहुल अशी नावं ठेवली जाऊ लागतात. फुले आणि आंबेडकर दोघांनीही आधी मागचा रस्ता खणला आणि मगच पुढचा बांधला.

आता खिडकी घट्ट धरा, आवाज वाढतोय. हे ओकलंड आहे, कॅलिफोर्निया, १९७१. ब्लॅक पँथर पक्ष १९६६ साली याच गावात जन्मला. त्यांच्याच घरात सध्या एक संगीतकार आपल्या वादकांसह उतरला आहे. तो अलाबामात १९१४ साली हर्मन ब्लाउंट म्हणून जन्मला. गुलामांच्या मालकांकडून आलेलं नाव त्याने टाकून दिलं, १९५२ साली कायद्याने नवं नाव घेतलं, आणि जगाला सांगितलं की तो शनी ग्रहावरून आला आहे. त्याचं नाव सन रा. बर्कलीच्या विद्यापीठात तो विश्वातला काळा माणूस या विषयावर शिकवतो. संध्याकाळी त्याचा ‘आर्केस्ट्रा’ वाजवायला बसतो. चमकत्या झग्यांत आणि इजिप्ती मुकुटांत डझनभर वादक आहेत. ढोल आफ्रिकेतून आलेले, फुंकवाद्यं जॅझची, आणि मधोमध मूग सिंथेसायझर. तो कळ दाबतो आणि त्यातून निघणाऱ्या आवाजाला अजून नावच नाही. जून टायसन गाऊ लागते, आणि खोलीचं छत वर उचललं गेल्यासारखं वाटतं.

१९७२ साली इथेच ‘स्पेस इज द प्लेस’ या त्याच्या चित्रपटाचं चित्रीकरण होतं. त्यात सन रा यानातून ओकलंडला उतरतो, काळ्या वस्तीतल्या पोरांना भेटतो आणि संगीताच्या बळावर त्यांना दुसऱ्या ग्रहावर न्यायचं म्हणतो. साल पुन्हा पाहा: १९७२. तिकडे पँथरच्या गावात संगीत काळाची चौकट मोडतंय, आणि इकडे मुंबईत पँथरचंच नाव घेतलेला, टॅक्सी चालवणारा एक तरुण मराठी कवितेची चौकट मोडतोय.

चला तिकडे. ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध होतो. नामदेव ढसाळ यांचा जन्म खेड तालुक्यातल्या पूर गावचा, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातला. वाढले कामाठीपुऱ्याजवळ. त्यांच्या ओळींत संतांची भाषा, गुत्त्याची भाषा, संस्कृत आणि शिवी एका श्वासात येतात. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अनेक शब्द विचारून घ्यावे लागले. सन रा सूर आणि गोंगाट यांच्यातली सीमा पुसत होता, ढसाळ शुद्ध आणि अशुद्ध यांच्यातली. दोघांना जोडणारा धागा पँथरच्या नावाचा आहे, आणि ही मोडतोड ज्या भुकेतून आली ती भूकही एक आहे. पुढे ढसाळांना इंग्रजीत नेलं ते दिलीप चित्र्यांनी. चित्रे १९६० ते ६३ इथिओपियात शिकवत होते, आणि नंतर पुण्यात राहिले.

इथिओपियाचं नाव निघालं म्हणून क्षणभर मागे वळा. १६१० च्या सुमारास दख्खनमध्ये मलिक अंबर खडकी नगर वसवतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि निजामशाहीचा सूत्रधार झालेला. मुघलांना त्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. त्याच्या नहरींनी खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, पाणी दिलं. काळा माणूस शहराचा शिल्पकार म्हणून इथे चारशे वर्षांपूर्वीच वावरला आहे. आपल्या मातीतल्या या गोष्टीवर एक मोठी मराठी कल्पितकथा उभी राहायला हवी.

तिकडे सन राचे वारसदार वाढत गेले. ॲलिस कोल्ट्रेनने हार्पच्या शेजारी तंबोरा ठेवला आणि ‘जर्नी इन सच्चिदानंद’ केलं. ऑक्टाव्हिया बटलरने १९७९ साली ‘किंड्रेड’ या कादंबरीत आजच्या काळ्या स्त्रीला काळाच्या प्रवासाने गुलामीच्या मळ्यात नेलं. फिलाडेल्फियाची कवयित्री मूर मदर गोंगाटाच्या थरांवर कविता म्हणते. आणि इकडेही काम चालू आहे. १४ एप्रिलच्या रात्री भीमनगराच्या कमानीखाली उभे राहा: ढोलकी, सिंथेसायझर आणि छाती हलवणारा बेस यांच्यात बाबासाहेबांचं नाव दुमदुमतं. २०१९ साली ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप गटाच्या पोरांनी प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘वारली रिव्होल्ट’ केलं आणि आरेच्या जंगलातला आदिवासी आवाज हिपहॉपच्या ठेक्यावर आणला. चित्रकार विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा इतिहास कॅनव्हासवर मांडताहेत. याला संगीत, चित्र, कविता असं वेगवेगळं पाहण्याची आपली सवय सोडायला हवी. हा एकच प्रयत्न आहे.

शेवटचं स्थानक २०७२. गाडी पुन्हा कोथरूडमध्ये आली आहे. ‘गोलपिठा’ला शंभर वर्षं झाली आहेत. दारं उघडी आहेत, पण बाहेर अजून काही आकाराला आलेलं नाही, कारण ते अजून कुणी लिहिलेलं नाही. टेकडीवरच्या घरातली मुलगी तिथे काय करते आहे? वेधशाळेत आहे, की यानात, की कुठल्या वाद्यापुढे? तिच्या शहराचा हौद कुणासाठी खुला आहे?

पुढे याच पुण्यात राहिलेल्या जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिले. ते ऋण मोठं आहे. पण आपल्या विज्ञानकथेतल्या यानांत सुतारदऱ्यातली, केळेवाडीतली माणसं फार थोडी बसली. आणि दलित साहित्याने भोगलेला भूतकाळ आणि जळता वर्तमान अतुलनीय ताकदीने मांडला, तरी भविष्यकथा त्याच्याकडून आपण फारशी मागितलीच नाही. ही उणीव आता भरायला हवी. त्यासाठी परकं काही आणायची गरज नाही. जेत्याने सांगितलेला काळ नाकारून आपला काळ स्वतः रचायचा, हे अफ्रोफ्युचरिझमचं मूळ काम पुण्यात १८७३ साली मराठीत झालेलं आहे.

म्हणून एवढं करा. ‘गुलामगिरी’ वाचा, तिच्या लगेच मागे ‘गोलपिठा’ वाचा, आणि मग सन रा ऐका, याच क्रमाने. घरात, वर्गात, वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना विचारा की २०७२ सालचं कोथरूड तुझं असेल तर कसं असेल. त्यांच्या बोलीत, त्यांच्या शब्दांत ते लिहून घ्या, वाजवून घ्या, भिंतीवर रंगवून घ्या. बळीचं राज्य येवो असं आपण फार वर्षं म्हटलं. आता ते दिसतं कसं, हे त्या मुलांनी सांगायचं आहे.