एफएम नभोवाणी : घरगुती श्रवण

कंप्रता-विरूपणाने प्रक्षेपित झालेला ध्वनी घरच्या संचावर ऐकण्याची पद्धती (→ नभोवाणी). एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ मध्ये कंप्रता-विरूपणाची एकस्वे मिळाली. भारतात १९७७ मध्ये मद्रासला अशा प्रक्षेपणाचा प्रारंभ झाला. पिंपरी-चिंचवड परिसरात विविध भारतीचे पुणे केंद्र १०१ मेगाहर्ट्‌झवर लागते. ध्वनिमर्यादा १५ किलोहर्ट्‌झपर्यंत असते. श्रवणाचा दर्जा मुख्यतः आकाशकावर ठरतो (→ आकाशक). उंच इमारतींवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत उशिरा मिसळली की ‘स’, ‘श’ फाटतात. महागडा प्रवर्धकही हा दोष काढू शकत नाही. सुमारे दीड मीटरचा द्विध्रुव आकाशक खिडकीशी दिशा बदलत लावल्यास तो कमी होतो. क्षीण संकेतावर स्टीरिओ खरखरतो, मोनो स्वच्छ लागतो. भारतीय प्रक्षेपणाचे पूर्वोत्थापन (प्रक्षेपणाआधी उच्च स्वर वाढवणे; संच ते पुन्हा घटवतो) ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेचे ७५. म्हणून अमेरिकी जुळणीच्या संचावर उच्च स्वर जास्त घटून येथील आवाज मंद वाटतो.