डीव्हीडी लागली का?

२००७ साली आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हँडीकॅमवर शूटिंग मीच केलेलं, त्यामुळे नातेवाइकांना डीव्हीडी पोचवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. घरच्या कॉम्प्युटरवर तेव्हा नुकतंच लिनक्स टाकलं होतं (आणि त्याचा नवा नवा अभिमानही होता!). पहिली डीव्हीडी मोठ्या थाटात आत्याला दिली. संध्याकाळी तिचा फोन, "अरे, टीव्हीवर काहीच दिसत नाहीये."

चूक माझीच होती. मी व्हिडिओची एव्हीआय फाइल नुसती डिस्कवर उतरवली होती. कॉम्प्युटरला ती कळते, पण टीव्हीखालच्या साध्या प्लेयरला वेगळीच शिस्त लागते. चित्र एमपेग-२ पद्धतीत, आपल्याकडच्या पॅलसाठी ७२० बाय ५७६ आकाराचं, सेकंदाला २५ फ्रेम. ते व्हीओबी फाइलींमध्ये बसवायचं, एकेक फाइल १ जीबीच्या आत. आणि हे सगळं एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे कामं दोन: आधी हा फोल्डर रचायचा, मग तो डिस्कवर लिहायचा.

लिहिण्यासाठी मी के-थ्री-बी निवडलं. सेबास्टियन ट्रूग यांच्या या प्रोग्रॅमची १.० आवृत्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती. नावातले तीन बी म्हणजे 'बर्न बेबी बर्न'मधले! त्यात व्हिडिओ डीव्हीडीचा पर्याय दिसला म्हणून खूश झालो, तर ते म्हणतं, तयार फोल्डर आणा, मी फक्त लिहीन. फोल्डर रचण्यासाठी मग डीव्हीडीऑथर हा प्रोग्रॅम शोधला. डीव्हीडी-व्हिडिओचं अधिकृत तपशीलपुस्तक पैसे भरून आणि गुप्ततेच्या करारावर सही करूनच मिळायचं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बाजारातल्या डिस्क तपासून ती रचना उलगडली होती. कोणीतरी अनोळखी माणसं आकडे मोजत बसली, म्हणून आत्याच्या टीव्हीवर आजी दिसणार होती.

पुढे कळलं की के-थ्री-बी म्हणजे नुसती खिडकी आहे. आत राबणारे वेगळेच. सीडी लिहिणारा सीडीरेकॉर्ड हा प्रोग्रॅम योर्ग शिलिंग यांनी १९९६ पासून सांभाळला. डीव्हीडी लिहिणारी त्याची आवृत्ती मात्र बरीच वर्षं बंदिस्त होती. ती चालवायला किल्ली लागायची. ती पोकळी अँडी पॉल्याकॉव यांच्या ग्रोआयसोएफएसने भरून काढली. माझी डिस्क लिहिली गेली ती त्यानेच. पण डिस्कवरची फाइलींची मांडणी करायला तोही शिलिंग यांच्याच संचातल्या एमकेआयसोएफएसला, किंवा त्याच्या एखाद्या अवताराला, हाक मारायचा.

अवतार म्हणायचं कारण २००६ सालचं भांडण. शिलिंग यांनी संचाच्या बऱ्याच भागाचा परवाना जीपीएलऐवजी सन मायक्रोसिस्टिम्सच्या सीडीडीएलमध्ये बदलला. डेबियनची मंडळी म्हणाली, हे दोन परवाने असे एकत्र नांदू शकत नाहीत, आम्हाला हे वाटता येणार नाही. शिलिंग म्हणाले, काहीही अडचण नाही. कोणी मागे हटेना. शेवटी सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनवाल्यांनी जुन्या जीपीएल कोडवरून वेगळी चूल मांडली: सीडीआरकिट. त्यात सीडीरेकॉर्डचं नाव वोडिम झालं आणि एमकेआयसोएफएसचं जेनआयसोइमेज.

तेव्हा हे वाचून मला हसू आलं होतं. डिस्क लिहायची आहे, वकिली कसली करताय? आज तसं वाटत नाही. फुकट मिळणं वेगळं आणि पुढे चालवायचा हक्क मिळणं वेगळं. दोन्ही बाजूंना आपलं काम टिकावं असंच वाटत होतं. कशाने टिकेल, यावर त्यांचं जमलं नाही. वेगळी चूल मांडणंही सोपं नव्हतं म्हणा. सीडीआरकिटची शेवटची आवृत्ती २०१० सालची. शिलिंग मात्र आपला संच २०२१ मध्ये जाईपर्यंत सांभाळत राहिले.

आता माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. आजीही नाही. मागच्या महिन्यात मित्राचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि आत्याकडची ती दुसरी, नीट केलेली डिस्क घातली. थोडा घरघर आवाज झाला, मी श्वास रोखून बसलो. लागली! पहिल्यांदा तिची सगळी प्रत हार्डडिस्कवर घेतली, मग पाहत बसलो. आजी ओवाळून घेताना कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "अरे, पुरे की आता ते."

कोणतं सॉफ्टवेअर निवडावं, यावर तेव्हा मी मित्रांशी तासन् तास वाद घातले होते. खरं तर निवड आमच्या आधीच कोणीतरी करून ठेवली होती: उलगडून दाखवायचं आणि दुसऱ्याच्या हाती सोपवायचं.

प्रत तयार झाल्यावर आत्याला फोन केला. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "लागली का रे?"