खिशातला फड

श्रीवर्धन म्हटले की पेशव्यांचे मूळ गाव, रोठा सुपारी आणि समुद्र एवढ्या तीन गोष्टी सांगून माणसे थांबतात. कागदाची गोष्ट सहसा कोणी काढत नाही. वास्तविक भट घराण्याचे श्रीवर्धनातील स्थानच कागदावर उभे होते. ते तेथील देशमुख. आणि देशमुखी म्हणजे सनदेने मिळालेला, महजराने सिद्ध करायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जपायचा हक्क. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ गाव सोडून बाहेर पडले. चिपळूणच्या मिठागरावर त्यांनी कारकुनी केली असे परंपरा सांगते. पुढे धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाचे काम त्यांनी केले, याविषयी मात्र वाद नाही. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. बाणकोटच्या खाडीपलीकडच्या वेळासचे भानू त्यांच्याबरोबर घाटावर गेले होते. त्या घराण्याकडे फडणिशी आली. थोरल्या बाजीरावाची दौड सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण तिच्यामागे हिशेब लिहिणारी ही कोकणातील मंडळी होती, हे चित्र आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतून जवळजवळ गायबच आहे. असो.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या वेळी दिल्लीत उसळलेल्या दंगलीत बाळाजी महादेव भानू मारले गेले. पेशव्यांवरचे संकट त्यांनी अंगावर घेतले, असे पुढे सांगितले जाऊ लागले. कागदाची किंमत त्या काळी कोणत्या नाण्यात मोजत, हे यावरून दिसावे.

हे सारे आठवण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. प्रत्येकाच्या खिशात आता एक भ्रमणध्वनी आहे आणि त्यात लिहिण्याची, जुळवून ठेवण्याची व दुसऱ्याकडे पोहोचवण्याची साधने फुकट मिळतात. जीबोर्डवर मराठी उमटते, गूगल कीपमध्ये टिपण राहते, ड्राइव्हमध्ये कागदाचे चित्र ठेवता येते, व्हॉट्सअ‍ॅपवरून ते क्षणात सातासमुद्रापार जाते. उपयुक्त अ‍ॅप्सच्या याद्याही हरघडी आपल्यापुढे येतात. या याद्यांची मला गंमत वाटते, ती अशासाठी की ही तिन्ही कामे पेशव्यांच्या फडात रोज चालत आणि तिन्हींसाठी तेथे निरनिराळी साधने व निरनिराळी माणसे होती. लिहिण्याला बोरू आणि मोडी, ठेवण्याला रुमाल, पोहोचवण्याला जासूद. त्या फडाचे पुढे काय झाले हे पाहिले, तर खिशातल्या फडाकडे अधिक डोळसपणे पाहता येईल.

मोडी ही वेगाची लिपी. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाही, शब्द सुटे लिहिण्याचा आग्रह नाही, नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे ठरलेली. आज जे काम बोलून टंकन करण्याची सोय करते, तेच त्या काळात मोडीने केले. गूगलने मराठीसाठी ही सोय २०१७ मध्ये आणली. आता स्वयंपाक करता करताही परिच्छेदच्या परिच्छेद लिहून होतो. वेगाचा मोबदला मात्र दोन्हीकडे वाचणाऱ्याने द्यायचा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचा कागद घरच्यांना परका झाला. संगणकावरही हे एकदा घडून गेले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत जुळवलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नसला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन समोर येतो. १९९५ सालची एखादी स्मरणिका आज उघडून पाहणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

लिहिलेले ठेवायचे कसे, हा खरा फडणिशी प्रश्न. हुजूर दफ्तरात चालते दफ्तर आणि एकबेरीज असे भाग होते. दिवसाचा जमाखर्च आणि हुकूम रोजकीर्दीत चढत, तेथून सदरांप्रमाणे खतावणीत जात आणि वर्षाअखेर ताळेबंद होई. एकच नोंद दोन-तीन ठिकाणी सापडावी अशी ही रचना होती. संबंधित कागद एकत्र गुंडाळून कापडात बांधत, हाच रुमाल. यात बुद्धीची चमक दाखवण्याला जागा नाही. आजचे आज लिहायचे आणि उद्या शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी ठेवायचे, एवढेच. नाना फडणवीसांच्या हाताखाली हे काम कसोशीने होत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची चाल बोकाळली आणि दफ्तराची शिस्तही ढिलावली. मला यात कार्यकारणभाव दिसतो. ठोक रक्कम आगाऊ हाती पडू लागल्यावर गावोगावचा हिशेब तपासण्याची गरज कोणाला उरली?

तरीही जे उरले ते प्रचंड होते. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडले. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने याच कागदांच्या आधारे लोकांचे हक्क तपासले. ज्याला हक्क सिद्ध करता आला नाही, त्याचे इनाम गेले. १८९१ च्या सुमारास पुण्यात दफ्तरासाठी स्वतंत्र इमारत झाली. कोट्यवधी कागद बांधलेले, रांगेने लावलेले, पण अभ्यासकाला दार बंद. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तोवर १९३० चे दशक उजाडले होते. उत्तम मांडलेले आणि कोणालाही न दाखवलेले असे हे शतकभराचे दफ्तर.

उलट टोकाचे उदाहरण त्याच्याही आधीचे आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि शिवकालातील मध्यवर्ती दफ्तर आज आपल्याला उपलब्ध नाही. मग शिवाजी महाराजांची पत्रे आली कोठून? ती आली देशमुख-देशपांड्यांच्या घरांतून, मठांतून, देवस्थानांतून. म्हणजे ज्यांना ती पाठवली होती त्यांच्याकडून. पाठवणाऱ्याचे दफ्तर गेले, पण ज्याच्या हाती पत्र पडले त्याने ते वतनाचा आधार म्हणून जिवापाड जपले. जासुदाने नेलेला कागद अशा रीतीने दफ्तराला पुरून उरला. एकाच जागी सर्व ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, मग ती जागा किल्ला असो की एखाद्या कंपनीचा ‘क्लाउड’, हे उदाहरण विसरू नये.

राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या आगेमागे लिहिलेल्या पत्रांचा. सरकारी दफ्तर बंद असताना घरोघरची दफ्तरे धुंडाळून त्यांनी आणि वासुदेवशास्त्री खऱ्यांसारख्या अभ्यासकांनी जे मिळवले, त्यावर आपला इतिहास उभा राहिला. पण कागद मिळाल्यावर त्यांच्यापुढे जी अडचण उभी राही, ती आजच्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. पत्राला तिथी असे, पण साल नसे. ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र लिहायचा, कधी वार लिहायचा, आणि संपले. लिहिणाऱ्याला साल ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक, मग लिहायचे कशाला? सरकारी कागदात सुहूर सन असला तर सुटका होई. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे आले की एक, साठ, शंभर आणि हजार यांची बेरीज ११६१; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६०-६१, म्हणजे पानिपतचे वर्ष. खाजगी पत्रात एवढेही नसले, तर मजकुरात कोणाच्या आजाराचा उल्लेख आहे, फौज कोणत्या नदीवर आहे हे पाहायचे आणि तिथीला वार जुळतो का ते जंत्रीत शोधायचे. दोन वर्षे जुळली तर पुन्हा वाद. पत्राचा काळ चुकला की घटनांचा क्रम चुकतो, आणि क्रम चुकला की कोणी कोणाला दगा दिला हेसुद्धा उलटे होते. माणसाची अब्रू एका न लिहिलेल्या आकड्यावर टांगलेली राहते.

श्रीवर्धनच्या किनाऱ्याने अगदी अलीकडे नेमका हाच प्रश्न पुन्हा निर्माण केला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, वीज आणि संपर्क कित्येक दिवस नव्हता. लोकांनी छायाचित्रे काढली ती त्या दिवसांत. ती बाहेर पोहोचली संपर्क आल्यावर. आता व्हॉट्सअ‍ॅपची रीत अशी की छायाचित्र पाठवताना ते त्याचा आकार कमी करते आणि ते कधी, कोठे, कोणत्या यंत्राने घेतले ही त्याच्या पोटात असलेली माहिती काढून टाकते. घेणाऱ्याच्या अँड्रॉइड यंत्रात त्याला ‘आयएमजी’, एक तारीख, ‘डब्ल्यूए’ आणि एक अनुक्रमांक असे नाव मिळते. त्यातली तारीख छायाचित्र काढल्याची नसते, पोहोचल्याची असते. सरकारी कचेरीतील बारनिशीचा आवक शिक्काच म्हणा ना! जूनच्या तिसऱ्या तारखेला पडलेली वाडी कागदोपत्री पंधरवड्यानंतर पडते. आणि तेच चित्र पुढे ढकलले गेले की दर वेळी नवी तारीख घेते. नुकसानभरपाई मागणाऱ्यालाही ही अडचण, आणि शंभर वर्षांनी वादळाचा इतिहास लिहिणाऱ्यालाही. उपाय साधा आहे: तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एवढी सोय हाताशी असून ती वापरणारे थोडे. छ लिहून साल न लिहिणारे आपणच.

या साधनांच्या फुकटपणाविषयीही थोडे बोलायला हवे. वतनदाराला सनद वाचता येत नसली तरी तो ती वाचवून घेई, कारण तिच्यात त्याच्या नातवाचे पोट होते. आपण ‘मान्य’ असे बटण दाबतो. गूगल फोटोज २०१५ मध्ये निघाले तेव्हा किंचित कमी प्रतीची छायाचित्रे हवी तेवढी फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती १५ जीबीच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खातेदाराला पन्नास टिपणांवर आणून ठेवले. कागदाचे स्वच्छ चित्र काढणारे मायक्रोसॉफ्ट लेन्स कित्येकांनी घरची दफ्तरे टिपायला वापरले; २०२५ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली. ऑर्कुट २०१४ मध्येच गेले. वारसाची स्थिती तर याहून बिकट आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते, असा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे. आजोबा गेले, त्यांचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नाही, आणि त्यांनी टिपलेल्या कुलवृत्तान्ताच्या पानांचा रुमाल त्यांच्यामागोमाग जातो. देशमुखी निदान मुलाकडे जात असे.

म्हणून ही साधने टाकून द्यावीत असे मी म्हणणार नाही. राजवाड्यांना अशी सोय मिळाली असती तर त्यांची किती पायपीट वाचली असती! माझे म्हणणे इतकेच की या यंत्रात बोरू आहे, रुमाल आहे, जासूद आहे, फडणीस मात्र नाही. कोकणातील घरी जुन्या पेटीतले कागद टिपणाऱ्याने कागदाच्या दोन्ही बाजू टिपाव्यात, कारण पाठीवरच्या शेऱ्यातच बहुधा पत्ता किंवा पोहोचल्याची तिथी असते. फाइलीला यंत्राने दिलेले नाव पुसून वर्ष, गाव आणि विषय लिहावा. टिपणे अशा साधनात ठेवावीत की ती साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतील. जॉपलिनसारखे मुक्तस्रोत अ‍ॅप हे करू देते. स्वामित्वहक्काची अडचण नसलेल्या आणि खाजगी नसलेल्या गोष्टी विकिमीडिया कॉमन्सवर चढवाव्यात. तेथे दिनांक, कर्ता आणि स्थळ ही सदरे समोरच येतात, आणि त्यांचा कंटाळा न करणे हीच फडणिशी. शिवाय एक प्रत दुसऱ्या घरी असावी, भावाकडे किंवा पुण्या-मुंबईच्या नातलगाकडे.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. तेव्हा आता मोडी कागदाखाली त्याचे मोडी अक्षरांतले वाचनही जोडता येते, निव्वळ चित्र म्हणून नव्हे तर शोधता येईल असा मजकूर म्हणून. हौशी वाचकांचे हे काम नवे आहे आणि त्यात चुका होतील. त्या सुधारता याव्यात म्हणून मूळ चित्र शेजारी ठेवणे अगत्याचे.

श्रीवर्धनाच्या उत्तरेला काही मैलांवर दिवेआगर आहे. तेथे सापडलेला एक ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. ज्याने तो लिहिला त्याच्याकडे ना कागद होता, ना दफ्तर. पण त्यावर साल आहे: शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०.