दहा पौंडांचं घर

साहेबाचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं लोंबू लागतात. पण ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावचं 'क्लर्जी हाउस' पाहा. १४व्या शतकातलं घर. ओकच्या लाकडाचा सांगाडा, सांध्यांना लाकडाच्याच खुंट्या, वर गवताचं छप्पर. आणि भिंती? चक्क कुडाच्या! काटक्यांचा ताटवा, वर मातीचा लेप. अशा लेपात तिकडेही शेण कालवत, बरं का! चूल मधल्या दालनात. धुराडं नाही, धुरानं आपली वाट आपण शोधायची. जमीन ठोकून बसवलेल्या खडूची, आंबट दुधानं सारवलेली. आपल्याकडे दूध नासलं की भांडण होतं. तिथं जमीन झाली!

पुढं घर मोडकळीला आलं, पाडायची भाषा सुरू झाली. गावच्या पाद्र्यानं धावाधाव केली आणि १८९६ साली नॅशनल ट्रस्टनं ते १० पौंडांना घेतलं. वर्षभरापूर्वीच जन्मलेल्या त्या संस्थेची ही पहिली इमारत. डागडुजीला अर्थातच किमतीच्या कितीतरी पट लागले.

शेणामातीची भिंत ६०० वर्षं टिकते ती दर पिढीत कुणीतरी लिंपत बसतं म्हणून. कूड आपल्यालाही ठाऊक होता. आपण त्याला गरिबी म्हणालो. त्यांनी वारसा म्हटलं आणि दाराशी तिकीट लावलं!