बारा कोसांवरची भाषा आणि कागदावरचे यंत्र

१/ नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकलेल्या अनेकांना ‘ढमढेरे’ हे नाव ओळखीचे असेल. पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले ‘सिस्टिम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांचे. या पुस्तकाशी झुंजणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की त्याच लेखकाने पवईत बसून कंपायलरविषयी जगभर चर्चिले गेलेले संशोधन केले? आजचा धागा त्या संशोधनापर्यंत पोहोचणारा आहे. आरंभ मात्र पवईत नाही, कुलाब्यात आहे.

२/ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९५० च्या दशकाच्या मध्यावर आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी संगणक बांधावयास घेतला. आधी एक लहान पथदर्शी यंत्र झाले आणि १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र चालू लागले. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक असा त्याचा पसारा होता. १९६२ साली संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिले.

३/ टिफरॅकची स्मृती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. हिशेब केला तर ही सारी स्मृती १० किलोबाइट भरते. ‘सुप्रभात’ लिहिलेले फुलांचे एक चित्रसुद्धा तिच्यात मावले नसते.

४/ या यंत्राशी बोलण्याची भाषा म्हणजे शून्य आणि एक. ‘या दोन संख्यांची बेरीज कर’ असे लिहिण्याची सोय नव्हती. बेरजेचा सांकेतिक अंक लिहायचा आणि संख्या स्मृतीच्या ज्या खणात असेल त्या खणाचा क्रमांक लिहायचा. मध्येच एखादी आज्ञा घालायची राहून गेली असेल, तर ती घालताच पुढच्या आज्ञा एकेक घर सरकत आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे क्रमांक पुन्हा तपासावे लागत.

५/ पण माझ्या मते खरी अडचण कष्टाची नव्हतीच. टिफरॅक एकच होते. त्याच्यासाठी लिहिलेली आज्ञावली जगातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राला कळणार नव्हती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते यंत्र निवृत्त झाले, तेव्हा त्याची ‘बोली’ही त्याच्याबरोबर गेली. शेवटचा भाषक गेल्यावर एखादी बोली जाते तशीच.

६/ तिकडे अमेरिकेत जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी ‘फोरट्रान’ आणली होती. माणसाने बीजगणिताच्या जवळ जाणाऱ्या भाषेत सूत्र लिहायचे आणि एका आज्ञावलीने त्याचे यंत्रभाषेत भाषांतर करायचे. ही भाषांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. पुढे ‘अल्गोल ६०’ या भाषेचे व्याकरण बॅकस आणि पीटर नौर यांनी नेमक्या नियमांच्या रूपात मांडले आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषेलाही काटेकोर व्याकरण असू शकते, हे सिद्ध झाले.

७/ येथे थोडे विषयांतर. ‘संगणकासाठी संस्कृत सर्वोत्तम’ हा संदेश तुम्हांलाही आला असेल. त्यामागचा एक धागा असा: १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका छोट्या पत्रात सुचवले की बॅकस-नौर पद्धतीशी मिळतीजुळती नियमलेखनाची रीत पाणिनीने फार पूर्वी वापरली होती, तेव्हा त्या पद्धतीच्या नावात पाणिनीचे नाव यावे. दुसरा धागा रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या लेखाचा. तो ज्ञानाच्या मांडणीविषयी आहे. संस्कृतात प्रोग्रॅम लिहावेत, असे दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही. पाणिनीचे मोठेपण एवढे अस्सल आहे की त्याला या अफवेच्या कुबड्या लागत नाहीत.

८/ आता पुन्हा मुंबईत येऊ. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले आणि त्याबरोबर फोरट्रान आली. देशभरातील संशोधक हे यंत्र वापरू लागले. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या पवईच्या आयआयटीत त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘मिन्स्क-२’ आले. टिफरॅकचा शब्द ४० बिटांचा, सीडीसीचा ४८ बिटांचा आणि मिन्स्कचा ३७ बिटांचा. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. कुलाबा ते पवई अंतर बारा कोसही भरत नाही, पण यंत्रांच्या भाषा मात्र परस्परांना सर्वस्वी अनोळखी होत्या.

९/ ज्या देशात यंत्रे मोजकी आणि तीही ज्या राष्ट्राकडून जमेल तशी आलेली, तेथे हा प्रश्न अधिकच बोचतो. भाषा चांगली असून भागत नाही. आपल्या यंत्रावर तिचा कंपायलर हवा. कंपायलर लिहिणे म्हणजे कुशल माणसांची वर्षे. पाच भाषा आणि पाच यंत्रे असतील, तर पंचवीस कंपायलर लिहावे लागतील.

१०/ या कोड्यावरचे एक गाजलेले उत्तर झुरिकमध्ये तयार झाले. तेथे निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास ‘पास्कल’ ही सुटसुटीत भाषा घडवली होती. तिचा कंपायलर आधी फोरट्रानमध्ये लिहिण्याचा प्रयत्न फसला. मग त्यांनी तो पास्कलमध्येच लिहायचे ठरवले. पण पास्कलमध्ये लिहिलेला कंपायलर चालवायला आधी पास्कलचा कंपायलर नको का? हा गुंता सोडवण्यासाठी रूडी शिल्ड या सहकाऱ्याला दोन आठवडे घरी बसवून सगळा कंपायलर हाताने एका खालच्या स्तराच्या भाषेत उतरवून घेतला गेला. एकदा तो चालला की पुढच्या आवृत्त्या तो स्वतःच भाषांतरित करू शकत होता.

११/ पास्कलची कीर्ती पसरली आणि ‘आमच्या यंत्रावरही ती हवी’ अशी मागणी येऊ लागली. प्रत्येकासाठी दोन आठवड्यांचा वनवास भोगणे शक्य नव्हते. त्यातून ‘पास्कल-पी’ जन्मले. ‘पी’ म्हणजे पोर्टेबल, एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येण्याजोगे. डिसेंबर १९७४ च्या झुरिकच्या अहवालात त्याचे तपशील आहेत. त्यावरील नावांत नोरी, अम्मान, जेन्सन आणि नेगेली ही आहेत. पहिले नाव केशव नोरी यांचे. टीआयएफआरच्या संगणक गटात काम केलेले हे भारतीय संशोधक.

१२/ युक्ती अशी होती. कंपायलरने कोणत्याही खऱ्या यंत्राच्या भाषेत भाषांतर करायचेच नाही. एक कल्पित, फक्त कागदावरचे यंत्र मानायचे आणि त्याच्या भाषेत, म्हणजे ‘पी-कोड’मध्ये, भाषांतर करायचे. हे कागदी यंत्र मुद्दाम साधे ठेवलेले. त्याची हिशेबाची जागा म्हणजे आजीच्या माजघरातली मडक्यांची उतरंड: ठेवायचे ते सर्वांत वर, काढायचे तेही सर्वांत वरचेच.

१३/ समजा, ‘ख अधिक ग गुणिले २’ हे काढायचे आहे. ख उतरंडीवर ठेवा. त्यावर ग ठेवा. त्यावर २ ठेवा. ‘गुणा’ म्हटले की वरची दोन मडकी उचलली जातात आणि गुणाकाराचे एकच मडके वर बसते. ‘मिळवा’ म्हटले की पुन्हा वरची दोन जातात आणि उत्तराचे एक उरते. शब्द किती बिटांचा, स्मृतीचे खण किती, हे काहीही ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

१४/ झुरिकहून मिळे तो संच असा: पास्कलमध्ये लिहिलेला कंपायलर, त्याच कंपायलरचे पी-कोडमधले भाषांतर, आणि कागदी यंत्र कसे वागते हे दाखवणारा एक इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या. ज्याला आपल्या यंत्रावर पास्कल हवी, त्याने फक्त हा दुभाष्या आपल्याकडे उपलब्ध भाषेत पुन्हा लिहायचा. पी-कोडची एकेक आज्ञा वाचायची आणि पाळायची, एवढेच त्याचे काम. तो तयार झाला की कंपायलर लगेच चालू लागे. गती संथ असे. मग ज्याला वेग हवा त्याने मूळ कंपायलरचा शेवटचा भाग बदलून आपल्या यंत्राची भाषा त्यातून काढायची आणि कंपायलरकडूनच नव्या कंपायलरचे भाषांतर करून घ्यायचे.

१५/ कंपायलर दुसरीकडे नेण्याचे केवळ साधन म्हणून केलेली ही सोय अपेक्षेपलीकडे पसरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांनी तिच्यावर ‘यूसीएसडी पास्कल’ उभारली आणि १९७९ मध्ये ती ‘ॲपल २’ या घरगुती संगणकावर पोहोचली. १९९५ साली आलेल्या जावाचे आभासी यंत्रही उतरंडीचेच. सर्वसाधारण इतिहासांत हे सारे ‘विर्थ यांचे पास्कल’ या तीन शब्दांत आटोपते. विर्थ यांचे श्रेय कोणी नाकारत नाही. पण ज्या दस्तऐवजाने त्यांची भाषा जगभर नेली, त्यावरचे पहिले नाव आपल्याकडच्या मुलांना माहीत नसावे, याची मला खंत वाटते.

१६/ कुलाब्यातही हा विचार परका नव्हता. नरसिंहन यांनी १९६७ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि संगणक या दोहोंना एकाच सिद्धांताच्या कक्षेत आणू पाहणारा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला होता. कागदी यंत्राची गोष्ट वाचली की तो विचार चटकन उमगतो: नेमकेपणाने सांगितलेले यंत्र म्हणजे एक भाषाच.

१७/ पुढे नोरी पुण्यात आले. टाटा समूहाने १९८१ मध्ये तेथे संशोधन, विकास व आरेखन केंद्र स्थापन केले होते. टीआरडीडीसी हे त्याचे प्रचलित नाव. कंपायलर हाताने लिहिण्याऐवजी ते घडवणारी साधने निर्माण करता येतील का, हा तेथल्या गटाचा एक विषय होता. १९८७ च्या डिसेंबरात सैद्धांतिक संगणकशास्त्राची वार्षिक भारतीय परिषद पुण्यात भरली, तिच्या शोधनिबंधांचे संपादनही नोरी यांचेच.

१८/ आणि आता पवई. भाषांतर कसे तरी झाले, एवढ्याने कंपायलरचे काम संपत नाही. ते काटकसरीचेही हवे. धनंजय ढमढेरे यांचे संशोधन या काटकसरीविषयी आहे. नाशिकचाच दाखला घेऊ. पंचवटीकडून आणि सातपूरकडून येणारे दोन्ही रस्ते सीबीएसला मिळतात. पंचवटीकर बाजारातून भाजी घेऊनच निघाला आहे, सातपूरकराने घेतलेली नाही. सीबीएसवर ‘भाजी घ्या’ अशी सरसकट आज्ञा असेल, तर पंचवटीकर विनाकारण दुसऱ्यांदा घेतो. प्रोग्रॅममध्ये एकच गुणाकार एका वाटेने आलेल्यासाठी असा दुसऱ्यांदा होतो. याला अंशतः निरर्थक गणना म्हणतात.

१९/ उपाय सोपा वाटतो: सीबीएसवरची आज्ञा काढा आणि सातपूरच्या चौकात घाला. पण त्या चौकातून काही जण उलट त्र्यंबकेश्वराकडे वळतात. त्यांना भाजी नकोच आहे. त्यांच्या गळ्यात ती उगाच पडेल. १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हाझ या दोघांनी मांडलेली प्रसिद्ध पद्धत आज्ञा फक्त चौकांतच हलवू शके, म्हणून अशा ठिकाणी ती अडे. ढमढेरे यांनी १९८८ च्या निबंधात आज्ञा दोन चौकांमधल्या रस्त्यावर ठेवण्याचा मार्ग दाखवला. सातपूरहून सीबीएसकडे निघालेल्यालाच भाजीवाला भेटेल, त्र्यंबकच्या वाटसरूला नाही. १९९१ मध्ये त्यांनी मूळ पद्धतीचे व्यवहारात वापरण्याजोगे रूपही प्रसिद्ध केले.

२०/ या पद्धतीत माहिती प्रवाहाच्या दोन्ही दिशांनी वाहते, त्यामुळे हिशेब क्लिष्ट होतो. ही क्लिष्टता नेमकी कशातून येते, याचा व्यापक सिद्धांत ढमढेरे आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये मांडला. खेडकर पुढे पवईत प्राध्यापक झाले आणि जीसीसी या मुक्त कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास त्यांनी तेथे रुजवला. अंशतः निरर्थक गणना काढून टाकण्याची पायरी त्या जीसीसीतही आहे. ‘ओ-२’ हा पर्याय देऊन तुम्ही सी भाषेतला प्रोग्रॅम त्याच्या हाती सोपवता, तेव्हा ती न सांगता चालते.