एकतीस मेचा निरोप

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जूनला असतो. चुलत्यांचाही १ जूनलाच. आमच्या आळीतल्या निम्म्या माणसांचा तोच. त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि आजी हसते. "तुझा बाप दसऱ्याच्या आसपासचा. बाजरी काढणीला आलेली," ती म्हणते. "तारीख गुरुजींनी घातली."

शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मनोंद नसायची. आईला आठवायचा तो दुष्काळ, पूर नाहीतर जत्रा. शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून वय बसेल असं वर्ष धरून गुरुजी १ जून लिहून टाकायचे. हे महाराष्ट्रभर झालं. याचा एक परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. सरकारी नियमाप्रमाणे ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जूनवाले ३१ मेला. खुद्द गुरुजींची तारीखही त्यांच्या गुरुजींनी अशीच घातलेली. त्यामुळे कितीतरी शिक्षक ऐन उन्हाळी सुट्टीत निवृत्त झाले, शाळेत एकही मूल नसताना.

माझे गुरुजी असेच १९९८ च्या ३१ मेला निवृत्त झाले. इंदापूर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. मी दुसरी पास झालो होतो आणि सुट्टीला मामाकडे गेलो होतो. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा गुरुजींच्या खुर्चीत नव्या बाई बसल्या होत्या. गुरुजी कुठं गेले, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

शिक्षकांच्या निरोपाचा इतिहास शोधायला गेलं की तो खरं तर बदलीचा इतिहास निघतो. पेशवाईतल्या पंतोजीला निरोप समारंभ कशाला लागणार? तो गावचाच किंवा गावात येऊन राहिलेला. ओसरीवर नाहीतर देवळात पोरं जमवायची आणि मिळेल ते धान्य, पैसे घ्यायचे. विद्येवर जगणारा माणूस एका आश्रयाला धरून राहायचा. मोरोपंत पन्हाळ्याहून बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले आणि १७९४ मध्ये वारले ते बारामतीतच.

इंग्रजी राज्यात हे बदललं. १८२६ मध्ये मुंबईत तयार झालेले २४ शिक्षक इलाख्यात ठिकठिकाणी पाठवले गेले. शिक्षक हा वरून 'पाठवायचा' माणूस झाला. जो पाठवता येतो, तो परत बोलावताही येतो. पुढे लोकल बोर्ड आलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. मालक बदलत गेले, पण बदलीचा हुकूम राहिला. त्या हुकमाला गावानं दिलेलं उत्तर म्हणजे निरोप समारंभ. भर पोशाख, नारळ, बाईंना साडी-चोळी आणि कधी न बोलणाऱ्या माणसाचं अडखळतं भाषण.

आमच्या गुरुजींची नोकरी गावात दोनदा झाली. पहिल्या वेळची बदली वडिलांना आठवते. त्यांना बैलगाडीतून वेशीपर्यंत नेलं, ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि पोरं धुरळ्यात एसटीमागे पळाली. आज असे व्हिडिओ व्हायरल होतात तेव्हा वडील म्हणतात, "आम्ही पळालो तेव्हा कुणाकडं मोबाइल नव्हता."

फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयानं या बदल्यांचं धोरण बदललं आणि त्या ऑनलाइन झाल्या. वशिला संपावा, डोंगरातल्या शाळांवर वर्षानुवर्षं अडकलेल्यांना खाली येता यावं, हा हेतू होता आणि तो रास्तच होता. पण संवर्ग एक, संवर्ग दोन, अवघड क्षेत्र, खो, रँडम राउंड असे शब्द शिक्षकांच्या घरात शिरले. २०१८ च्या मे महिन्यात माझ्या बहिणीला असाच खो बसला. यादीत तिच्यासमोर पश्चिमेकडच्या एका डोंगरी तालुक्यातलं गाव होतं. तिच्या जागेवर आलेल्या बाईंनी तसल्याच गावात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे ताईला कुणावर रागावताही येईना.

चार्ज द्यायला ती शाळेत गेली तेव्हा मीही सोबत होतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं आणि अर्ध्या तासात अकरा मुलं आली. एक तर शेळ्या घेऊनच. भाषण झालं नाही, शाल नव्हती. ताईनं प्रत्येकाला पुढच्या वर्गाचं एकेक गणित घातलं आणि ती दप्तर मोजायला बसली. शेळ्यावाला मुलगा गणित सुटेना म्हणून रडायला लागला. त्याचं रडणं गणितासाठी नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं.

तिथून निघाल्यावर मला वीस वर्षांपूर्वीची ती रिकामी खुर्ची आठवली. गुरुजींचा नंबर मिळवला आणि १ जूनला फोन केला. आधी ते हसले. "माझा जन्म आखाडातला, बाळा. आई सांगायची."

मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा मी मामाकडे होतो. निरोप द्यायचा राहिला."

"सगळीच कुठं ना कुठं होती रे. सुट्टीच होती ना," ते म्हणाले. "मी एकट्यानं पटावरची नावं वाचली, मगच कुलूप लावलं. तुझं वाचलं तेव्हा मीच 'हजर' म्हणालो."